सवतीनं माझ्या उवा काढल्या

वडील गेले त्याच वर्षी काकानं मला मारेगावजवळच्या एका खेड्यात देऊन टाकलं. आमच्या घरानं नुकताच धम्म घेतला होता. मी पुढं शिकेन, असं वडिलांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. काकाला ते ओझं वाटलं. नवऱ्याची पहिली बायको घरातच होती. तिला मूल नव्हतं, म्हणून मी.

पोळा झाल्यावर मी पळाले. मारेगावला वणीच्या मोटारीची वाट पाहत उभी होते, तिथंच नवऱ्यानं मला गाठलं आणि दंड धरून लोकांदेखत परत आणलं. दुसऱ्या दिवसापासून शेतावर जाताना तो घराला बाहेरून कुलूप घालू लागला. मागच्या दाराला त्यानं खिळे ठोकले. मी आत, आणि माझ्या राखणीला सवतही आत.

"तुह्यापायी मीबी कोंडल्या गेली," एवढं ती म्हणाली आणि बोलायची बंद झाली.

ती चुलीजवळ बसे, मी खिडकीजवळ. ओल्या सरपणाचा धूर घरातच फिरत राही. त्यात माझ्या डोक्यात उवा झाल्या. मानेमागच्या उवा आपल्या आपल्याला काढता येत नाहीत. मी खाजवून खाजवून कातडं सोलून घेतलं.

खिडकीच्या गजांतून मागची चिंच दिसायची. तिथं वांदरांचा कळप यायचा. एका दुपारी भाकरीच्या तुकड्यावरून दोन वांदरी भांडल्या. एकीनं दुसरीच्या कानाला कडकडून चावा घेतला. मी पाहत राहिले. थोड्या वेळानं चावा बसलेलीच उठली, चावणारीच्या पुढ्यात जाऊन पाठमोरी बसली आणि मान खाली घातली. ती दुसरी तिचे केस फाकवून बोटांनी काहीतरी वेचू लागली.

"मीठ खाते ते," मी आपल्याशीच बोलले. घामाचं मीठ खातात, असं वडील सांगायचे.

"मीठ नाही. उवा हायेत." सवत माझ्या मागं येऊन उभी होती.

"आत्ताच तं चावली तिले. मंग उवा कायले काढते?"

"राह्याचं तं दोघींले इथंच हाये," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुह्यी मान पाह्यली का? रगत निंगून राह्यलं. बस खाली."

मी बसले. तिनं माझं डोकं मांडीशी ओढलं. तिची बोटं खरखरीत होती आणि घाईत नव्हती. आई वारल्यापासून कुणी मला असा हात लावला नव्हता. मी रडू लागले. तिनं गप्प बस म्हटलं नाही, की पाठीवरून हातही फिरवला नाही. नखावर ऊ मारत मारत तिनं सांगितलं, नवीन असताना तीही पळाली होती. तिच्या बापानंच तिला परत आणून सोडलं होतं.

मग रोज दुपारी आम्ही तशाच बसू लागलो. कधी ती पुढं, कधी मी.

एकदा नवरा लवकर आला. कुलूप काढून आत पाहतो तर आम्ही दोघी अशा. "वांदरीवानी काय बसल्या?" तो हसला.

सवत उठली नाही. "उद्या कुलूप लावसान तं चूल पेटनार नाही," ती म्हणाली.

"थे पेटवन," त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"नाही पेटवनार," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल, पण त्याला गेला.

त्यानं कुलूप लावलंच. आम्हीही चूल पेटवली नाही, आदल्या दिवशीच्या शिळ्या भाकरीवर आणि कच्च्या दाण्यांवर भागवलं. तो भावाकडं जेवू लागला. मग भावजयीनं पाणवठ्यावर हसून हसून ही गोष्ट सांगितली, आणि कुलूप लावणं बंद झालं.

दार उघडं झालं, पण मी जाणार कुठं? काकानं ठेवून घेतलं नसतं. विहिरीपर्यंत जायचं, भरली घागर घेऊन परत यायचं. पुढं मला दोन मुली झाल्या. त्या तिला मोठी आई म्हणत, आणि निजायला तिच्याचजवळ जात. मला ते कधी बरं वाटे, कधी अंगाचा तिळपापड होई. ती मला आवडायची का, ते आजही सांगता येत नाही. राखण तर तिनंच केली होती माझी.