दिलीपचं पान: कल्याण ते शेणवा, वैशाखऱ्यावरून

ही सहल आम्ही रागाच्या भरात ठरवली, हे आधीच सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ दिलीप मोटरसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागून गेला. दवाखान्यातच आईनं त्याचे डोळे आणि किडन्या दान करायला सही केली. वर्ष उलटलं, म्हणजे यंदा तोही पितरांत. तर शेणव्याहून काकांचा फोन आला की सर्वपित्रीला सगळ्यांची पानं मांडू, दिलीपचं तेवढं नको. अपुरा गेलेला माणूस जेवायला येत नाही म्हणे. आईनं फोन ठेवला आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी कल्याणहून मुरबाडची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा, मुरबाडपुढे गाड्या आपल्या मर्जीच्या मालक आहेत. स्टँडबाहेरचा वडापाव झकास, चहा नुसता गोड. आम्हाला खरं तर थेट शेणवा गाठता आलं असतं, पण दिलीपला वैशाखऱ्याच्या मामाच्या विहिरीकाठचं अळू लागायचं, दुसरं घशाला खाजतं म्हणायचा. म्हणून हा वळसा. टोकावड्यानंतर घाटाचे डोंगर अंगावर येतात, भात पोटरीला आलेला असतो. डोळ्यांचं पारणं फिटतं. मला मात्र सारखं रडू येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

मामानं काही न विचारता अळूची जुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सरळगावला उतरून किन्हवलीमार्गे जीपनं शेणवा. जीपमध्ये चौघांच्या जागी सात माणसं, रस्ता खड्ड्यांचा, भाडं दहा रुपये. डोळे कुणाला दिले ते सांगत नाहीत. तरी मी समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होते.

काकांच्या घरी स्वयंपाक तयार होता. कौलांवर बाबांचं आणि आजी-आजोबांचं पान गेलं. आईनं अळूवड्या तळल्या, चौथं पान वाढलं आणि स्वतः शिडी लावली. काका अंगणातून म्हणाले, "वहिनी, डोले नायत त्याला. वाट कशी दिसंल?" आईनं पान कौलांवर नेऊन ठेवलं.

आमच्याकडे कावळा शिवल्याशिवाय घरातला कुणी घास घेत नाही. कावळे आले. बाबांची खीर गेली, आजीचे वडे गेले. दिलीपचं पान तसंच. आळीतली माणसं कुडाशी येऊन उभी राहिली. काकांच्या तोंडावर "सांगितलं नव्हतं?" असं साफ लिहिलेलं.

आई पुन्हा शिडी चढली. पान खाली आणलं, अंगणाच्या मधोमध मांडी घातली.

"भावजी, माजा पोरगा द्यायला जलमला व्हता," ती म्हणाली. "मागायला तो कशाला येल?"

आणि तिनं अळूवडी तोंडात घातली. पितराचं पान जिवंत माणसानं खाल्लेलं शेणव्यात कुणी पाहिलं नसेल. मी जाऊन शेजारी बसले. थोड्या वेळानं काकी आल्या, नवऱ्याकडे न बघता त्यांनी पानातली दुसरी वडी उचलली. काका घरात गेले.

परतताना शहापूरला येऊन आसनगावहून गाडी घेतली. तानसा तलाव जवळ आहे, वेळ असेल तर जरूर बघा. आम्हाला नव्हता, आई दमली होती.

काका अजूनही फोनवर तेच म्हणतात. म्हणू देत, पुढच्या सर्वपित्रीलाही आम्ही जाणार आहोत आणि वळसा वैशाखऱ्यावरूनच घेणार आहोत. त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यातच विचारलं, शिवला का कावळा?

"नाय," आई कुलूप काढत म्हणाली. "आमीच जेवलो."