गोलकीपरची आई

दक्षिण आशियातल्या देशांच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा होती, आणि भारताच्या संघाच्या कॅम्पसाठी माझ्या लेकीची निवड झाली. इंदूरला सुदामा नगरातल्या आमच्या घरी बधाई द्यायला इतके लोक आले की चहा कुणाला दिला आणि कोण तसंच गेलं, ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. कॉलनीतल्या मुलांनी चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स टांगला. महूहून माझे बाबा आले. फौजेत असताना ते फुटबॉल खेळायचे, नातीला पहिला बॉल त्यांनीच आणून दिला होता. फ्लेक्ससमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"फोटो छान आहे," ते म्हणाले, "पण एवढा मोठा कशाला लावला?"

मी हसण्यावारी नेलं.

नवरा तेव्हा नोकरीपायी रायपूरला होता. मी इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिथेच दुपारी तो फोन आला.

"भाभीजी, बहुत-बहुत मुबारक! बिटिया ने इंदौर का नाम कर दिया." आवाज गोड होता, अगदी घरातला वाटावा असा. टीमच्या मॅनेजमेंटमधून बोलतोय म्हणाला. कॅम्पच्या आधी वयाची मेडिकल टेस्ट करायची आहे, भोपाळला, परवाच. गाडी घरी येईल, मुलीला नेईल, संध्याकाळी सोडेल.

"मैं साथ में आऊँगी," मी म्हटलं.

"अरे, आप क्यों परेशान होती हैं? भैया भी बाहर हैं, आपका ऑफिस है. बच्ची अपनी ही है."

माझा हात कीबोर्डवर होता तिथेच राहिला. भैया बाहर हैं, हे याला कुणी सांगितलं? फ्लेक्सवर तर ते नव्हतं.

मी आवाज होता तसाच ठेवला. "भैया, आपने उसका खेल देखा है?"

"देखा है ना! क्या गोल मारती है बिटिया. ऐसी फॉरवर्ड पूरे एमपी में नहीं है."

माझी लेक गोलकीपर आहे.

"घर में पूछकर बताती हूँ," म्हणून मी फोन ठेवला आणि लगेच तिच्या राज्याच्या कोचना लावला. असा फोन कुणीही केलेला नाही, टेस्ट कॅम्पमध्येच होते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा त्या नंबरवर लावून पाहिलं तर तो बंद.

घरी गेल्यावर लेकीला सांगितलं. ती आधी चिडली. "आई, तू ना, जबरदस्ती शक करतेस. तू त्यांना नाही म्हणालीस तर माझं नाव कटेल!"

"तो म्हणाला, तू चांगली फॉरवर्ड आहेस."

"फॉरवर्ड?" ती खळखळून हसली. मग हसू मध्येच थांबलं. उठून तिने दाराची कडी लावली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथे त्यांनी ऐकून घेतलं, नंबर लिहून घेतला. पुढे काही कळलं नाही.

मला मात्र एकच प्रश्न कुरतडत होता. नवरा बाहेरगावी आहे हे त्या माणसाला सांगणारं कोण? दूधवाल्याला माहीत होतं. शाळेच्या व्हॅनवाल्याला माहीत होतं. मैदानावर लेकीबरोबर सराव करणाऱ्या एका मुलीची आई मला रोज विचारायची, "भैया कब आ रहे हैं?" तिच्या मुलीची निवड झाली नव्हती. फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बाई मावा बाटी या खव्याच्या मिठाईचा डबा घेऊन घरी आली, लेकीच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले. मी गोड बोलले. ती गेल्यावर डबा तसाच झाकून ठेवला, लेकीला हात लावू दिला नाही. त्या बाईचा यात काही हात होता का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. टीमची मॅनेजर बोलतेय म्हणाल्या. मी बधाई ऐकून घ्यायच्या आतच विचारलं, "मेरी बेटी कहाँ खेलती है?"

त्या म्हणाल्या, "गोल में. बाईं तरफ नीची बॉल पर देर से गिरती है. उसी पर काम करना है."

खोटं बोलणारा माणूस आधी कौतुक करतो, उणीव काढत नाही, असं मला वाटलं. तरी मी व्हिडिओ कॉल करायला लावला. त्यांनी निमूटपणे कॅमेरा मैदानाकडे वळवला, धावणाऱ्या मुली दाखवल्या. "पूछिए, और पूछिए," त्या म्हणाल्या. "मेरी भी बेटी है."

कॅम्पला मी स्वतः सोडायला गेले. खोलीची कडी आतून नीट लागते का, तेही पाहिलं. लेकीने लाजून मान फिरवली.

कॅम्पमधून ती संघात निवडली गेली. स्पर्धा काठमांडूला झाली. पहिले सामने ती बाकावरच बसून होती. फोनवर "सगळं ठीक" एवढंच म्हणायची, आणि ते ठीक कितपत ठीक आहे, या विचारात माझी रात्र जायची. नेपाळविरुद्धच्या सामन्यात आपल्या मुख्य गोलकीपरचा पाय मुरगळला आणि हिला आत पाठवलं. मी ऑफिसात मोबाईल फायलीला टेकवून बघत होते. एक गोल तिने खाल्ला. दोन वेळा मात्र अशी झेपावली की शेजारच्या टेबलावरचे साहेबसुद्धा इंदुरी थाटात "वा, भिया!" म्हणून ओरडले. बाबा महूला बघत होते. सामना बरोबरीत सुटल्यावर त्यांनी फोन करून तिच्या दोन्ही झेपा मला पुन्हा सांगितल्या. आपला संघ शेवटी दुसरा आला.

तिला घ्यायला विमानतळावर नवरा आणि मी दोघंही गेलो. घरी येताना गाडीत तिने बॅगेतून हातमोजे काढले. जुने, घासलेले, तिच्या हाताला आखूड. नेपाळच्या गोलकीपरने दिले म्हणाली.

"तिने कशाला दिले?" मी विचारलं. "बदल्यात काय मागितलं?"

"आई," ती म्हणाली, "दिले म्हणून दिले."

आणि ते आखूड मोजे हातात चढवून ती खिडकीबाहेर बघत बसली.