खाजकुयलीचा आळ

मावशी पोतं हाताने नाही, गालाने पाहायची.

इतवारीतल्या माझ्या गोदामात जुनी पोती शिवायला सात-आठ बाया बसत. त्यांतल्या मावशीने ढिगातून पोतं ओढायचं, त्याची कड उजव्या गालाला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, "याच्यात चारोळी होती. हे युरियाचं हाय. अन् हे भिजलं होतं शेठ, वरून वाळलं, आतून सडलं." पहिल्या वर्षी मी हसलो. दुसऱ्या वर्षापासून माल विकत घ्यायला जाताना तिला सोबत नेऊ लागलो. व्यापारी माझ्या तोंडाला जितके घाबरत नसत, तितके तिच्या गालाला घाबरत.

"हाताचं कातडं दाभणानं मेलं," ती म्हणायची. "गाल अजून खोटं नाही बोलत."

तिचा आणखी एक नियम होता. तिने पाहिल्याशिवाय कोणत्याही बाईने पोतं मांडीवर घ्यायचं नाही. एकदा खताच्या पोत्याने एका बाईची मांडी भाजली होती, तेव्हापासूनचा हा नियम. "आधी मी पाह्यते, मंग तुमी घ्या वं," असं म्हणून ती गठ्ठा सोडायची. आत काही वाईट असेल तर ते पहिल्यांदा तिलाच लागणार, हा त्या नियमाचा अर्थ मला अकरा वर्षं कळला नाही. मला वाटायचं, बाई वेळ काढते.

ती उत्तर नागपुरातल्या वस्तीतून पायी यायची. दारात पाऊल ठेवताना "जय भीम, शेठ" म्हणायची. मी "हं" म्हणायचो. अकरा वर्षं तिने शब्द बदलला नाही आणि मीही नाही.

मी सायकलवर पोती लादून गल्लोगल्ली हिंडलेला माणूस. बापाचं काही नव्हतं. जे मिळवलं ते घासाघीस करून. समोरचा काहीही बोलला तरी मला त्यात भावच ऐकू यायचा. कोणी आजारी आहे म्हणालं तरी मी मनात म्हणायचो, याला काय कमी करून हवं आहे?

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बायांनी पोत्यामागे मजुरी वाढवून मागितली. बोलायला मावशी पुढे झाली. मी दोन तास बोललो. ओरडलो, गोदाम बंद करतो म्हणालो. तिने मधेच भाकरीचं फडकं सोडलं आणि जेवायला बसली. "बोला शेठ, तुमी बोला. मी आयकून राहिली." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी मी हरलो. आयुष्यात सौद्यात इतका स्वच्छ हरलो नव्हतो, आणि तेही भाकरी खाणाऱ्या बाईपुढे. तो राग मी जपून ठेवला.

त्या रागातच पुढच्या मालाला मी तिला नेलं नाही. देवलापारकडच्या जंगलात एका ठेकेदाराचा बारदाना, म्हणजे जुन्या पोत्यांचा माल, पडला होता. तिथल्या चौकीदाराने सरळ सांगितलं, "पावसाभर झाडाखाली होता साहेब. सुरवंटं चढले होते त्याच्यावर. आमच्या बाया हात नाही लावत." मला आनंद झाला. त्याच सुरवंटांचं नाव घेऊन मी ठेकेदाराला भावात इतकं खाली आणलं, की बिचारा शेवटी पाणी प्यायला उठला. ट्रकमध्ये बसून मी नागपूरपर्यंत शीळ घालत आलो. मावशीशिवाय सौदा केला होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल नावाच्या बाईने गठ्ठ्याची दोरी कापली. मावशीने वरचं पोतं ओढलं, गालाला लावलं आणि झटकन फेकून दिलं.

"हात नोका लावू वं कोणी! शेठ, हा माल बाहेर काढा. याच्यात केस हायेत."

"कसले केस?"

"सुरवंटाचे. तागात रुतून बसले."

"झटकून घ्या आणि शिवा. दिवाळीनंतर सरकी येईल, तेव्हा पोती कुठून आणू?"

तेवढ्यात विमलचे हात कोपरापर्यंत लाल झाले. गळ्यावर गांधी उठल्या. दोरी कापताना तिने गठ्ठा नुसता धरला होता. मावशीचा गाल तर डोळ्यादेखत फुगत गेला आणि उजवा डोळा मिटला. दुसऱ्या एका बाईने डब्यातल्या ज्वारीच्या पिठाचा गोळा भिजवला आणि केस निघावेत म्हणून तो मावशीच्या गालावरून फिरवू लागली.

आणि मी म्हणालो, "खाजकुयली कोणी आणली?"

खाजकुयली म्हणजे रानातली एक शेंग. तिची लव अंगाला लागली की माणूस नाचतो. भांडणात एकमेकांच्या कपड्यांवर ती टाकणारे लोक मी पाहिले होते.

"मजुरी वाढवून झाली, आता कामाचं नाटक! मावशी, तूच चोळलीस ही पोत्यांना. वर स्वतःच्या तोंडालाही लावलीस, खरं वाटावं म्हणून."

"तोंड सांभाळा शेठ!" विमल किंचाळली. "तिचा डोया पाहा, डोया!"

चौकीदाराचं बोलणं मला तेव्हा आठवलं का? आठवलं. वाक्य तोंडातून निघतानाच आठवलं. पण बोललेला भाव मागे घ्यायची मला सवय नव्हती.

मावशीने दाभण सुतळीच्या गुंड्यात खोचलं. "अकरा वर्सं मी तुमच्या घरी पोते पाहिले," ती म्हणाली. "आज तुमी मले पाहिलं." आणि डोळ्यावर पदर धरून निघून गेली. बाकीच्या बायाही तिच्यामागे उठल्या.

पंधरा दिवस गोदामात कोणी आलं नाही. दुसऱ्या बाया मिळेनात. मग मी हट्टाने स्वतः ती पोती झटकायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत मान, दंड, पोट गांधींनी भरलं. चार दिवस मला सदरा अंगाला लावता येईना. माल मैदानात नेऊन जाळला. बायकोने विचारलं, "काय झालं होतं पोत्यांना?" मी म्हणालो, "सडली होती."

शेवटी मावशीच्या घरी गेलो. ती दाराशी पायरीवर बसली होती, शेजारी विमल तांदूळ निवडत होती. सरकारी दवाखान्यात मावशीच्या डोळ्यातून काही केस काढले होते, पण एखादा आत उतरला होता. बुबुळावर पांढरट साय आली होती. सुई ओवता येत नव्हती.

माफी मागायला गेलो होतो. तोंडातून निघाला तो भाव. "मावशी, परत ये. शिवू नकोस, नुसती देखरेख कर. मजुरी तीच. वर दिवाळीला लुगडं. बरं, दोन लुगडी..."

"भाव काहून करून राहिले शेठ?" तिने मला थांबवलं. चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "मले एकच सांगा. त्या पोत्याईत सुरवंटं होते, हे तुमाले मालूम होतं का?"

विमलचे हात सुपात थांबले.

"नाही," मी म्हणालो.

 मावशी विमलकडे वळून म्हणाली, "आयकलं ना वं? शेठले मालूम नव्हतं. मालूम नसल तं माणूस काय करन? जा, समद्यायले सांग, उद्यापासून कामावर जा म्हणा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया आल्या. तिच्या शब्दावर आल्या. तिच्यावर घातलेला आळ मात्र मी कधी उतरवला नाही. बायांनाही कधी सांगितलं नाही, की ती खाजकुयली नव्हती आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं. मावशी पुन्हा आली नाही. लुगडी पाठवली, ती परत आली. पुढे काही वर्षांनी ती गेल्याचं विमलकडून कळलं, तेव्हा अंत्ययात्रा होऊन आठ दिवस झाले होते.

गालाने पोत्याच्या आतलं ओळखणारी बाई. माझं "नाही" तिला आतून सडलेलं लागलं नसेल, असं मी कसं मानू? तरी मला अजून तिचा राग येतो. मी एवढा खोटा माल पुढे टाकला, आणि तिने एका शब्दाचीही घासाघीस न करता तो घेतला.