हिरवा पडदा

सून झोपायच्या खोलीसाठी पडदा निवडत होती. "आई, हिरव्यानं शांत झोप लागते." त्या रंगासरशी मला वाळ्याचा वास आला आणि अलिबागचं घर आठवलं.

सकाळच्या उन्हानं बाबांची झोप मोडायची. विधवा होऊन माहेरी परतलेल्या आत्याची ट्रंक आईनं उघडली आणि वाळ्यात जपलेलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. "वन्सं, तुम्हांला आता हे नेसायचं नाहीच. ह्यांच्या खिडकीला लावू?"

विशीही न गाठलेल्या आत्यानं त्याचा पडदा शिवला.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "काय झोप लागली!"

"लागणारच, दादा. माझा अख्खा संसार टांगलाय तिथं."

बाबा हसले, त्यांना ती थट्टा वाटली. पडदा विरेपर्यंत ते रोज उशिरा उठले.