दोन मिली हवा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि हे लिहूनसुद्धा बसलेला नाही. बिलोली तालुक्यातलं आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर. लहानपणी शेजारच्या काकू माझी दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन आल्या, तर बाबांनी त्या मिरच्या आईला ठेचा करायला दिल्या. अशा घरात वाढलेली पोर मी. या भुताटकीच्या ग्रुपवर दोन वर्षं नुसती वाचायला असते, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या अनुभवांना मनातल्या मनात हसते. चिंचेखालची बाई, उलटे पाय... बरं. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भरदुपारची गोष्ट आहे, लाईट चालू, कूलर चालू.

मी नांदेडमध्ये एका खासगी दवाखान्यात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. हे सांगितलं की समोरचा विचारतो, म्हणजे नर्स का? नाही. मग ऑक्सिजनवाल्या मॅडम? बरं, तसं समजा. बारावी सायन्सनंतर चार वर्षांची डिग्री, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, ती मी लातूरला केली. काम काय, तर ज्याला स्वतःचा श्वास पुरत नाही त्याचा श्वास सांभाळायचा. व्हेंटिलेटर लावायचा, त्याचे आकडे बसवायचे, मनगटातलं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन तपासायचा, छातीतला बेडका ओढून काढायचा. आणि पेशंट सुधारला की हळूहळू मशीनची सवय सोडवायची. बाबा गावात सांगतात, आमची पोरगी श्वासाची मास्तरीण हाय.

एक गोष्ट आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. व्हेंटिलेटरच्या पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत एक नळी घातलेली असते. तिच्या आतल्या टोकाजवळ एक लहानसा फुगा असतो. बाहेरून सिरिंजने हवा भरली की तो फुगतो आणि नळीच्या बाजूची फट बंद होते. मग हवा फक्त नळीतून जाते-येते. आपला आवाज निघतो तो गळ्यातल्या स्वरयंत्रातून हवा जाते म्हणून, आणि इथे तर हवा तिथून जातच नाही. म्हणून नळीवाला पेशंट बोलू शकत नाही. रडला तरी आवाज येत नाही. आणि आवाज आलाच, तर अर्थ एकच, फुगा सैल झालाय आणि बाजूने हवा गळून राहिली आहे. लातूरच्या आमच्या सीनियर मॅडमनी हे आमच्या अंगात भिनवलं होतं. आवाज आला की आधी सिरिंज घ्यायची, विचार नंतर करायचा.

मागच्या उन्हाळ्यात मुदखेडचे एक चाचा आमच्याकडे आले. गाद्या-रजया भरायचं काम. चाळीस वर्षं कापूस पिंजला, वरून बिड्या. फुप्फुसं आधीच गेलेली, त्यात न्यूमोनिया झाला. सोबत फक्त मुलगी, रेहाना. पस्तिशीची असेल, गाद्यांच्या खोळी शिवणारी. घरात ही दोघंच. नळी न घालता, तोंडावर घट्ट मास्क लावून मशीनची हवा देत दोन दिवस काढले आम्ही. मी स्वतः तासन् तास मास्क धरून उभी होते, कारण चाचा तो उपटून फेकायचे आणि दमत दमत तेच सांगायचे, “नळी नक्को.” त्यांच्या भावाला नळी लावली होती म्हणे, तो परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्कवर भागेना. डॉक्टर सरांनी रेहानाला बोलावून स्पष्ट सांगितलं की नळी लावली नाही तर दोन-तीन तास. तिने सरांना काही विचारलं नाही. माझ्याकडे वळली. म्हणाली, “मॅडम, तुमचे अब्बा असते तर?”

मी म्हटलं, लावली असती. इथवर ठीक होतं. पण पुढे माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, चार-पाच दिवसांत काढू आपण, घाबरू नको. आमच्या धंद्यात असा शब्द द्यायचा नसतो. तिने सही केली. चाचा मास्कमधून तिच्या हाताकडे बघत होते, पेन ठेवेपर्यंत.

नळी लागल्यावर औषधाची गुंगी कमी ठेवली होती, त्यामुळे चाचा बऱ्यापैकी जागे असायचे. भेटायची वेळ चार ते पाच. रेहाना बरोबर चारला यायची, त्यांच्या कानाशी वाकायची आणि रोज एकच विचारायची, “अब्बा, नाराज हो क्या?” चाचा डोळे मिटून घ्यायचे. आता डोळे मिटले म्हणजे हो की नाही की नुसता थकवा, कोण सांगणार? मी त्यांच्या हातात पेन देऊन बघितलं, उर्दू लिहिता यायचं त्यांना. पण बोटं सुजून टम्म झालेली, कागदावर नुसत्या रेघा. रेहानाने त्या रेघासुद्धा घडी घालून पर्समध्ये ठेवल्या. एक दिवस जाता जाता मला म्हणाली की नळी निघाल्यावर पयलं काय बोलतेत तेवढंच ऐकायचं हाय, शिवी दिले तरी चालन, पण बोलू द्या त्यांना. मी म्हटलं, हाव, तू समोर असतानाच काढू.

आणि चाचा सुधारत होते हो. नळी लावल्याच्या पाचव्या दिवशी ऑक्सिजन कमी केला, ताप नाही, रक्ताचा रिपोर्ट चांगला. सर म्हणाले, उद्या सकाळी मशीन कमी करून बघू, जमलं तर नळी काढू. दुपारी दोनला मी ड्यूटी घेतली. घेतल्या घेतल्या मीटर लावून प्रत्येकाच्या फुग्याचा दाब बघायचा असतो. चाचांचा सव्वीस. पाहिजे तसा. चार्टवर लिहिला.

अडीच वाजले असतील. चाचांच्या डोक्याशी ट्रॉलीवर मी वाफेचं औषध भरत होते, पाठ त्यांच्याकडे. मागून आवाज आला. घोगरा, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

“रेहाना कू बोलो, बेटा...”

आणि माझा हात गेला. ट्रॉलीवरची सिरिंज उचलली, फुग्याच्या बारीक नळीला लावली आणि दोन मिली हवा आत. तीन सेकंद लागले असतील. आवाज बंद. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरंच वाटलं, गळती लगेच सापडली म्हणून.

मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ नळीभोवती हलत होते. चाचा बोलतच होते. माझ्याकडे बघून, सावकाश, पूर्ण वाक्य बोलत होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

पलीकडच्या बेडजवळून मंगल सिस्टर ओरडली, कोण बोललं गं, वॉचमनने नातेवाईक आत सोडला का? आत नातेवाईक कोणी नव्हता. एका बेडवर दुसरा नळीवाला पेशंट, दुसऱ्या बेडवर पॅरॅलिसिसची म्हातारी, तिला महिनाभर शब्द फुटलेला नव्हता.

मी मीटर लावलं. अठ्ठेचाळीस. फुगा खरंच सैल झाला असता तर दोन मिली भरल्यावर दाब सव्वीसच्या आसपास यायला हवा होता. अठ्ठेचाळीस याचा अर्थ फुगा सैल नव्हताच, मी भरलेल्या फुग्यात वरून हवा कोंबली होती. ती दोन मिली मोजून परत काढली. दाब सव्वीस. म्हणजे चाचा बोलले तेव्हाही सव्वीसच होता... मशीनवर मागचे आकडे बघितले. आत गेलेली हवा आणि बाहेर आलेली हवा सारखी, एका श्वासाचाही फरक नाही. जी हवा गळ्यापर्यंत गेलीच नाही, तिचा आवाज निघाला होता.

मी वाकून म्हटलं, चाचा, बोला, मी ऐकून राहिले, सांगते रेहानाला. त्यांनी पुन्हा ओठ हलवले. काही नाही. दोनदा, तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

सरांकडे गेले. म्हटलं, पाच मिनिटं फुगा रिकामा करून त्यांना बोलू देऊ का? सर माझ्याकडे बघतच राहिले. फुग्याच्या वर साचलेली लाळ सगळी फुप्फुसात उतरेल, हे तुला मी सांगायचं का, असं म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. उद्या नळी निघतेच आहे, एवढी कसली घाई, असंही म्हणाले.

चारला रेहाना आली. मी तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे, उद्या स्वतःच बोलतील, आपण कशाला अर्धवट सांगून तिचा जीव टांगणीला लावायचा. तिने रोजच्यासारखं विचारलं, नाराज हो क्या? चाचांनी डोळे उघडे ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. मी चार्ट घेऊन दुसऱ्या बेडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर चाचांना फणफणून ताप. ऑक्सिजन वाढवलेला, झोपेचं औषध पूर्ण चालू. त्यानंतर डोळे उघडलेच नाहीत. दोन दिवस मी जे जे शिकले ते सगळं केलं. आकडे बदलले, पालथं झोपवलं, छाती साफ केली, डबा न खाता त्यांच्याजवळ बसले. माणूस वाळूसारखा हातातून निसटत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेले. रेहाना तेव्हा मुदखेडहून येत होती, वाटेत होती.

नळी मीच काढली. काढल्यावर फुग्यात हवा भरून ती ट्रेमधल्या पाण्यात बुडवली. सायकलवाला पंक्चर बघतो ना, तसं. दहा मिनिटं बघत बसले. एकही बुडबुडा नाही. मंगल सिस्टर मागे उभी राहून तेच बघत होती.

लातूरच्या मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. नळी वर सरकली असेल? नाही, चाचा बोलले त्याच सकाळचा एक्स-रे होता, ओठापाशी नळीवरची खूणही जागेवर. मीटर खराब? दुसऱ्या मीटरनेही बघितलं होतं. तुला भास झाला? मग मंगलला कसा झाला? शेवटी विचारलं, चार्टवर लिहिलंस का? म्हटलं, नाही. म्हणाल्या, मग लिहू नको.

दीड महिन्याने रेहाना फाईलची झेरॉक्स घ्यायला आली. मंगलच्या तोंडून काहीतरी निसटलं असावं, कारण ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, अब्बा माझं नाव घेतले म्हणे?”

आता लपवून काय करणार होते? कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं. फुगा, सिरिंज, दोन मिली, सगळं. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, रागात होते का? मी म्हटलं, मला नाही सांगता येत गं.

“मी पोरगी हाय त्यांची,” ती म्हणाली. “‘रेहाना’ कसं म्हणले तेवढं म्हणून दाखवा. माफ केले का नाही ते मी वळखते.”

मी प्रयत्न केला. आयाबाया, पेशंट ये-जा करताहेत आणि मी बाकड्यावर बसून “रेहाना कू बोलो” म्हणून राहिले. एकदा घोगरं. एकदा हळू. ती डोळे मिटून ऐकत होती, प्रत्येक वेळी मान हलवत होती, असं नाही, असं नाही. चौथ्यांदा मी मध्येच थांबले. कारण चाचांचा आवाज मला आठवतच नव्हता. शब्द आठवत होते, आवाज नाही. माणूस बोलतोय म्हणून मी तो ऐकलाच नव्हता, हवा गळतेय म्हणून ऐकला होता.

रेहानाने माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाली, राहू द्या मॅडम, माझी गाडी आहे. आणि गेली.

तुमच्यात कोणी डॉक्टर असतील, फिजिक्सवाले असतील, तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन. मी स्वतः वर्षभर शोधून राहिले. तो आवाज आला कुठून, हे मला आजही माहीत नाही. तो का थांबला, ते माहीत आहे.