नारिंगाची भावकी

शब्दकोशाच्या कचेरीत पंखा लावण्याआधी "पंखा!" असं ओरडायची पद्धत होती. ओरडलं की सगळे आपापल्या टेबलावर आडवे होऊन कार्डं दाबून धरत. बायको वारल्यावर, सगळे ज्यांना कोशवाले म्हणत ते गृहस्थ पहिल्यांदाच कामावर आले, त्यांनी सरळ बटण दाबलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

नारिंग या शब्दाची सगळी भावकी, कार्डांसकट, हवेत उडाली.

हा शब्द त्यांच्या बायकोचा. ती शेजारच्याच टेबलावर बसायची. युरोपातल्या भाषांचं खोदकाम तिच्याकडे होतं. तिचा हा शेवटचा शब्द आज छापखान्यात जायचा. तो तरी धड जावा, एवढंच कोशवाल्यांना हवं होतं. म्हणजे हवं असायला पाहिजे, हे त्यांना कळत होतं. आत मात्र दात उपटण्याआधी सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसं झालेलं.

टायपिस्टबाई जमिनीवर बसून कार्डं लावू लागल्या. "भावोजी, बघा. आपलं नारंग फारसीतून अरबीत गेलं, स्पेनमध्ये नारान्हा झालं, आणि इटलीत शिरताना पुढचा 'न'च गळाला! घरजावयासारखं, गेलं तिथलं झालं."

"हं."

"ग्रीकांनी तर पोर्तुगालचं नाव लावलं. आणणाऱ्याचं नाव झालं, पिकवणारा बसला बोंबलत."

कोशवाले हसले नाहीत. "डच कुठंय?"

डच कार्ड खिडकीतून गेलं होतं. डच लोक नारिंगाला चीनचं सफरचंद म्हणतात, हे कचेरीत पाणी भरणाऱ्यालाही ठाऊक होतं. पण कचेरीच्या साहेबांचा नियम कडक होता: ग्रंथ आणि पान दाखवा, नाहीतर ओळ काढा. ते दोन्ही फक्त त्या कार्डावर होतं, तिच्या अक्षरात.

खाली रखवालदारानं काठीनं गटार ढवळून कार्ड वर काढलं. "सापडलं की राव! आता चहा लागू."

"पाजतो," कोशवाले म्हणाले.

कार्डावर 'सफरचंद' तेवढं शिल्लक होतं. बाकी शाईचं निळं पाणी.

साहेब मान खाली घालून म्हणाले, "वाईट वाटतंय हो. पण आधार?"

कोशवाल्यांनी पट्टी घेतली आणि ती ओळ लाल पेन्सिलीनं स्वतःच खोडली. रेघ अगदी सरळ आली. टायपिस्टबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कोशवाल्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

नारिंग एका भाऊबंदाविना छापखान्यात गेलं.

सुटताना फाटकापाशी रखवालदार म्हणाला, "चहाचं काय?"

"उद्या."

तो उद्या काही उजाडलेला नाही. रखवालदारही आता विचारायचा थांबलाय.