गाजराचे गर्भ

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या शैलाताई नवरा गेल्यानंतर महिन्याभराने कामावर आल्या. काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. रोपांच्या उघड्या बाटलीत श्वासातले जंतू जाऊ नयेत म्हणून इथे सगळेच तोंड झाकतात. त्याच सवयीने त्यांनी आताही तोंडाला पदर लावला.

काचेखाली गाजराचे गर्भ होते, इवलेसे, पत्त्यातल्या बदामासारखे.

"यातला एकेक गर्भ एकेका सुट्या पेशीतून वाढलाय, पुढे त्याचं अख्खं गाजर होईल," मी म्हटलं. "बी नाही, फूल नाही. मूळ गाजर तर केव्हाच कुजून गेलं."

गाजराच्या कणाकणाला अख्खं गाजर पाठ असतं. आपण मात्र गेलेल्या माणसाला त्याच्या उशीत, चपलेत, चष्म्याच्या काडीवर शोधत बसतो, आणि तिथून काहीच उगवत नाही. निसर्गाचा हा कंजूषपणा मला कधीच पटलेला नाही.

शैलाताई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग पदराआडूनच म्हणाल्या, "मॅडम, माणसाचं नाही ना होत असं?"

"नाही हो."

"त्यांच्या कंगव्यात केस आहेत अजून," त्या म्हणाल्या. "आज धुवून टाकते मग."